भुताची जात आणि वसतिगृहातली बंद खोली

माणसाला जात असते तशी भुतालाही असते. हे मी गमतीनं लिहीत नाही. आमचं रेणापूर म्हणजे लातूरहून अंबाजोगाईकडं जाताना लागणारं, रेणा नदीच्या काठचं, रेणुकादेवीचं गाव. तिथं कुठल्या झाडावर कोण बसतं हे लेकराला बाराखडीच्या आधी शिकवायचे. पिंपळावर मुंजा. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी मेलेला बामणाचा पोरगा. ब्रह्मसमंध म्हणजे शिकलेला बामण, जीव कशात तरी अडकून राहिलेला. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मग ती कुणाचीही असो. आणि खवीस? तो कुठं मुसलमानाचा, कुठं खालच्या जातीचा. सगळ्या भुतांत वंगाळ तोच. मुंजा नारळावर भागवतो, खवीस बकरं मागतो. मढं जळालं, राख झाली, तरी उतरंड तशीच उभी.

हे मी गावात ऐकलं आणि नंतर छापील पुस्तकात वाचलं. ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ला अनंत कान्हेरेनं त्याला गोळी घातली, एवढंच शाळेत शिकवतात. पण या जॅक्सननं गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून लोकांच्या समजुती गोळा केल्या होत्या. तो मेल्यावर आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या साहेबानं ते काम पुढं नेलं आणि १९२४ साली ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक काढलं. त्यात भुतांची भलीमोठी यादी आहे आणि कितीतरी भुतांपुढं कोण कुठल्या जातीचं ते नोंदलेलं आहे. शिवाय दोन मोठे वर्ग आहेत, घरचं भूत आणि बाहेरचं भूत. आमचा मुलूख निजामाचा, म्हणून त्यात रेणापूर नाही. पण वाचताना मला आमचाच गाव दिसत होता. माहिती दिली कुणी? मास्तरांनी. त्या काळातले मास्तर बहुतेक कोण होते हे सांगायला नको. महारवाड्यात शिरून ‘तुमच्या वाड्यातलं भूत कोण?’ असं विचारणारा त्यांच्यात कोण असणार? आजही ‘बाहेरचं लागलं’ असं म्हणतात. गावात बाहेरचं कोण राहतं ते आम्हाला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

माझा आज्जा येसकर होता. येसकराचं काम काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. वेशीवर रात्रभर जागायचं. सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावाला पोचवायचं. मेलेलं ढोर ओढायचं. गावात कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचं, मग मध्यरात्र असो की धो धो पाऊस. सरणाची लाकडं न्यायची आणि मढ्यावरचं कापड घ्यायचं. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपार ओढायला पुन्हा आमचेच लोक. म्हणजे ज्या ज्या जागी भूत राहतं असं गाव म्हणत होतं, त्या त्या जागी गाव आम्हाला पाठवत होतं. मसणवटा, वेस, शीव, ओढा. भुतं खरी असती तर आमचा वंश कधीच बुडाला असता.

आज्ज्याच्या हातात घुंगुरकाठी होती. अंधारात ती वाजत यायची. गावातल्या बाया रडणाऱ्या लेकराला म्हणायच्या, गप, घुंगरं वाजायलालेत. पुढं बाबासाहेबांचा धम्म आला. गावकीची कामं सोडा, मेलेली ढोरं ओढू नका, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आमच्या वाड्यानं उशिरा का होईना ऐकलं. आज्ज्यानं काठी आढ्याला खोचली ती खोचलीच. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात उठलं, की वेशीत रात्रीची घुंगरं वाजतात, येसकराचं भूत फिरतंय. आज्जा तर धडधाकट जिवंत! आजी हसून हसून सांगायची, “आरं, ह्यो हितं बसलाय बिडी वडत, आन् गाव म्हणतंय वेशीत त्येचं भूत हाय. काम कराय मानूस घावंना, मनून गावाला भूत घावलं.”

आजीचं हे बोलणं मी तेव्हा थट्टेवारी नेलं. ते कळायला मला वसतिगृहात जावं लागलं.

१९७५च्या जूनमध्ये पत्र्याची पेटी, वळकटी आणि ताट-वाटी घेऊन मी तेव्हाच्या औरंगाबादेत उतरलो. (आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे.) मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ला सुरू झालेलं. त्याच्या आधारानं शहरात कॉलेजं आणि वसतिगृहं वाढली होती. माझं वसतिगृह कोणतं ते लिहीत नाही. कारण पुढं कळेल. एका खोलीत चार-चार पोरं. लातूर, नांदेड, परभणी, बीड सगळीकडची. बहुतेक आपलीच, काही मांगवाड्यातली, दोन-चार बंजारा तांड्यांवरची. पहिल्याच रात्री जुन्या पोरांनी आम्हा नव्यांना व्हरांड्यात बसवून सांगितलं, की तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीकडं जायचं नाही. सतरा नंबर. तिला बाहेरून कुलूप, कडीला तार गुंडाळलेली. रात्री दोनच्या सुमाराला आतून ताट आपटल्याचा आवाज येतो. मागं पिंपळ आहे. त्या खोलीतल्या पोरानं पिंपळाची फांदी तोडली, मुंजानं त्याला धरलं, आठ दिवसांत पोरगा गेला.

आवाज खरा होता. मी स्वतः ऐकला. खण्णकन् धातू पडल्याचा आवाज, मग शांत. अंगावर काटा आला हे कबूल करतो.

आज आठवून हसू येतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सगळं वसतिगृह आपल्या पोरांचं, आणि त्यातलं भूत मात्र बामणाचं! भुतांमध्ये राखीव जागा नव्हत्या बहुतेक. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यात श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही अशीही एक प्रतिज्ञा आहे. आमच्या आईबापांनी ती घेतलेली. आम्ही सकाळी बुद्धवंदना म्हणायचो आणि रात्री लघवीला दोघं-दोघं जायचो.

मित्रांनो, वसतिगृह ही आपल्या लोकांसाठी नुसती निजायची जागा कधीच नव्हती. शाळा शहरात असायची आणि शहरात महारामांगाच्या पोराला भाड्यानं खोली कोण देणार? म्हणून शाळेच्या आधी वसतिगृह लागायचं. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं सोलापुरात वसतिगृह काढलं. आधी छप्पर, मग पाटी.

खुद्द बाबासाहेबांचं बघा. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या लिव्हिंगस्टन हॉल नावाच्या विद्यार्थी-निवासात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. परक्या देशात, गोऱ्यांच्या विद्यापीठात, महाराच्या पोराला खोली मिळाली आणि जन्माचा मित्रही मिळाला. चार वर्षांनी, १९१७ साली, तोच माणूस बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला आला तेव्हा त्याला झोपायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात जात विचारणार. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून दीड रुपया रोजानं ते राहिले. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. आपल्या प्रत्येक पोरानं ते वाचावं.

त्यातलं धर्मशाळेचं वर्णन एखाद्या भुताच्या गोष्टीत शोभावं असं आहे. वरच्या मजल्यावर एक खोली, आणि तिच्याबाहेर प्रचंड मोठं दालन. त्यात मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकं असा भंगार माल. वीज नाही. राखणदार एक लहान कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड वीतभर. अंधारात वटवाघळं फडफडत फिरायची आणि त्यांच्या फडफडीनं अंगावर शहारा यायचा. कोलंबियातून शिकून आलेला, जगातली पुस्तकं वाचलेला माणूस रात्री त्या दालनात एकटा. पण आठवणी नीट वाचल्या तर दिसतं, की शहारा वटवाघळांचा नाही. आपण कुठं आहोत आणि कोणत्या नावानं आहोत हे विसरायचा प्रयत्न चाललेला असताना ती फडफड त्याचीच आठवण करून देत होती. आणि अकराव्या दिवशी आले ते भूत नव्हतं. डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण आहेस, असा त्यांचा सवाल होता. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची. त्या दिवशी बाबासाहेब बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. भुतं वटवाघळांत राहत नव्हती. ती काठ्या घेऊन जिन्यानं चालत आली.

म्हणून औरंगाबादेला महत्त्व आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, आणि उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून कोनशिला बसली. पुढं कॉलेजला मिलिंद नाव पडलं आणि आवाराला नागसेनवन. आमच्याच उदगीरकडले प्र. ई. सोनकांबळे तिथं शिकले, तिथंच शिकवायला लागले. त्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) एका लेकराची भूक कशी असते ते वाचायला मिळतं.

नावं बाबासाहेबांनी उगाच निवडली नाहीत. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. नागसेन म्हणजे त्याच्याशी वाद घालणारा भिक्खू. ‘मिलिंद प्रश्न’ हा ग्रंथ म्हणजे त्या दोघांची सवाल-जवाबी. राजा विचारतो, नागसेन म्हणजे कोण? केस? नखं? हाडं? भिक्खू उलट रथाचं विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? रथ म्हणून वेगळी वस्तू दाखव. तसाच आत्मा म्हणून वेगळी वस्तू नाही. मग राजा विचारतो, काहीच इकडून तिकडं जात नसेल तर पुनर्जन्म कसा? नागसेन दिव्याचा दाखला देतो. एका दिव्यावरून दुसरा दिवा पेटवला तर पहिली ज्योत तिकडं जाते का? आणखी एक दाखला आहे, तो मला मास्तर म्हणून फार आवडतो. गुरूकडून चेला श्लोक शिकला, तर श्लोक गुरूतून निघून चेल्यात गेला का?

आता सांगा. आत्माच नाही तर पिंपळावर बसतो कोण? ज्या नागसेनानं हे विचारलं त्याच्या नावाच्या शहरगल्लीत राहून आम्ही पोरं मुंजाला भीत होतो. मुंजा ज्या झाडावर बसतो त्याच झाडाखाली सिद्धार्थाला बोधी झाली. १९५६ नंतर वाड्यावाड्यात विहारासमोर पिंपळाचं रोप लावलं गेलं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना प्रश्न पडला, की आता मुंजानं जायचं कुठं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांत जायचो. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचं शिल्प आहे. मधे बोधिसत्त्व उभा, दोन्ही अंगांना आठ भयं कोरलेली. आग, तलवार, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, आणि मृत्यू. दीड हजार वर्षांच्या घरातली ही भीतीची यादी आहे, आणि तिच्यात सगळी खरी माणसांना मारणारी भयं. एका मित्रानं मोजून बघितलं आणि म्हणाला, “यातली निम्मी आपल्या गावात हायेत.”

ते गमतीत बोललेलं १९७८ साली खरं झालं. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमचे वाडे पेटायला लागले. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत सगळ्यात जास्त. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. घरं जाळली, विहिरींत रॉकेल टाकलं, माणसं रानांत पळाली. त्या दिवसांत वसतिगृहात झोप नव्हती. पलंगाचे पाय काढून हातात घेऊन पोरं आळीपाळीनं फाटकावर उभी राहायची. गावाकडून पळून आलेली पोरं, त्यांचे भाऊ, चुलते यायचे, आणि जागा पुरेना. तेव्हा कुणीतरी जाऊन सतरा नंबरचं कुलूप दगडानं फोडलं. कुणी फोडलं ते आठवत नाही. मुंजाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. त्या खोलीत त्या रात्री अकरा माणसं झोपली.

दुसऱ्या दिवशी मी उजेडात खोली बघितली. एक लोखंडी पलंग. भिंतीला एका बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर, १९७२ सालचं, ऑक्टोबरच्या पानावर थांबलेलं. आणि पलंगाच्या उशाशी भिंतीवर पेन्सिलीनं हिशेब मांडलेला. मेस, ऑगस्ट. मेस, सप्टेंबर. मेस, ऑक्टोबर. समोर आकडे, खाली बेरीज. बेरजेच्या खाली, शि. वृ. आली की. एवढंच. वाक्य पुरं नव्हतं.

शि. वृ. म्हणजे शिष्यवृत्ती. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे, बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हापासूनची. आम्ही तिला जी.ओ.आय. म्हणायचो. तिच्यामुळं आमच्या दोन पिढ्या शिकल्या. पण ती वेळेवर आली असं सांगणारा पोरगा मला आजवर भेटला नाही.

मी शिकून मास्तर झालो. तो हिशेब डोक्यातून जाईना. १९८४ साली आमच्या वसतिगृहाच्या जुन्या आचाऱ्याचा पत्ता लागला. म्हातारा त्याच्या गावी लेकाकडं होता. दोन तास इकडचं तिकडचं बोलला, मग मी सतरा नंबरचं विचारलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, “मास्तर, भूत न्हवतं वो. मांडणीवर ताट व्हतं त्या लेकराचं. त्या खोलीच्या भिताडाला लागून आमची कोठी. रातचं उंदरं ताट पाडायची. पोरं मनायची मुंजा.”

त्याचं ताट तुमच्या कोठीत कसं काय, असं मी विचारलं.

म्हाताऱ्यानं सांगितलं ते असं. बहात्तरचा दुष्काळ. पोराचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते, लाल मिलो खाऊन दिवस काढत होते. घरून पैसे येणं बंद. शिष्यवृत्ती आली नव्हती. तीन महिन्यांची बाकी झाल्यावर वरून हुकूम आला, बाकीदारांची ताटं बंद करा. या पोराचं ताट पितळी होतं, त्याच्या आईच्या लग्नातलं. बाकीच्या बदल्यात ते कोठीत ठेवून घेतलं. बाकीची पोरं काही दिवस आपल्यातली भाकर त्याला देत होती. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि वसतिगृह रिकामं झालं. गावी जायला त्याच्याकडं एस.टी.चं भाडं नव्हतं. तो एकटा राहिला. ताप आला. वॉचमन चहा द्यायचा. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं तो गेला. बाप आला, पेटी आणि वळकटी घेऊन गेला. ताटाचं कुणी काढलं नाही. बापानं मागितलं नाही, कुणी दिलं नाही.

“मग खोलीला कुलूप लावलं,” म्हातारा म्हणाला. “नवी पोरं इचारायची, कुलूप का? कोन काय सांगणार? शिपायानं सांगितलं, मुंजा हाय. मंग कुनी इचारलं न्हाई.”

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलो नाही. भूत आहे म्हटलं की चौकशी मिटते. कोण गेलं, कशानं गेलं, बाकी किती होती, हुकूम कुणी काढला, हे सगळे सवाल बंद. उरतो एकच सवाल, भूत कसं दिसतं. आजी तेच सांगत होती. येसकरानं काम सोडलं हे गावाला बोलायचं नव्हतं, म्हणून घुंगरांना भूत चिकटवलं. लातूर-नांदेडकडं भानामतीच्या नावाखाली जे चाललं तेही असंच. बायका एकाएकी भुंकायला लागायच्या, अंगावर फुल्या उमटायच्या, आणि त्या बाईला घरात काय भोगावं लागतं ते न विचारता गाव ‘करणारा’ शोधत सुटायचा. तो बऱ्याचदा वाड्यात सापडायचा. मग त्याला मारझोड. नरेंद्र दाभोलकरांनी अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडा केला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर कुठं, त्याच वर्षी, सरकारनं कायदा केला. मेल्याशिवाय आपल्याकडं फाईल हलत नाही.

म्हाताऱ्यानं मला ते ताट आणून दाखवलं. नोकरी सुटताना त्यानं ते आपल्याबरोबर घेतलं होतं. चोरलं म्हणा, राखलं म्हणा. त्यात तो जेवत नव्हता, कापडात गुंडाळून ठेवलं होतं. काठावर ठिपक्यांनी नाव कोरलेलं. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव. बारा वर्षं ज्याला आम्ही मुंजा म्हणत होतो त्याला असं पुरतं तीन शब्दांचं नाव होतं.

मी ते ताट घेऊन त्याच्या गावी गेलो. गाव आमच्याच भागातलं, रेणापूरहून लांब नाही. बाप वारला होता. माय होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं काठावरनं बोट फिरवलं, ठिपके चाचपले. रडली नाही. मला पाणी दिलं आणि विचारलं, “त्येचं पैसं भरायचं ऱ्हायलंत का काई?”

नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? नाव छापू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, नगं. म्हणून इथं नाव नाही, वसतिगृहाचंही नाही. एक उघडलं की दुसरं उघडं पडतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. २५ नोव्हेंबर १९९३ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि आमच्याकडच्या पोरांना औरंगाबाद गाठायची गरज राहिली नाही. वसतिगृहं वाढली, मुलींचीही झाली. बंद खोल्याही वाढल्या असाव्यात. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाला आणि चौघांना वसतिगृहाबाहेर काढलं होतं, त्याची फेलोशिप कित्येक महिने थांबलेली होती. १७ जानेवारी २०१६ला तो गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी ही जळगावकडची आदिवासी मुलगी २२ मे २०१९ला आपल्या वसतिगृहातल्या खोलीत गेली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला, खटला उभा राहिला. या दोघांबद्दल भुताची गोष्ट कुणाला सांगता आली नाही. त्यांच्या आया रस्त्यावर येऊन बसल्या आणि नाव घेत राहिल्या.

रेणापूर तालुक्यात पानगाव आहे. तिथल्या चैत्यात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. दर ६ डिसेंबरला लोक येतात, पोराबाळांसकट. आमच्या आज्ज्याच्या काळात मेल्याचं हाड घराच्या अंगणात राहिलं तर गाव हादरायचं, तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीला लावली नाही तर तो परत येतो म्हणायचे. आणि हितं आपण हाडं मुद्दाम आणून गावात ठेवली. त्या मायला मी एका वर्षी तिथं बघितलं. रांगेत होती. मी हाक मारली नाही.

माझं वय झालं. जेवढं हाती लागलं तेवढं लिहिलं आहे. १९६०पासून पुढं मराठवाड्यातल्या ज्या ज्या वसतिगृहांत एखादी खोली भुताची म्हणून बंद होती, तिथं राहिलेल्या वाचकांनी कळवावं. खोलीचा नंबर, साल, आत कोण राहत होतं, त्याचं गाव कोणतं, शिष्यवृत्ती आली होती का. भूत कसं दिसायचं ते लिहू नये. आचारी, वॉचमन, शिपाई यांच्यापैकी कुणी अजून असेल तर आधी त्याला गाठावं. ती माणसं म्हातारी झाली आहेत.